घोडबंदर रोडवर ऐकलेलं ओझ

ठाण्यात मानपाड्याहून नौपाड्याला आईकडे जायचं म्हणजे रिकाम्या रस्त्याने वीस मिनिटं. आता घोडबंदर रोड रिकामा कधी असतो, ते ज्याला ठाऊक असेल त्याने मलाही सांगावं. मेट्रोच्या खांबांशेजारून रांगताना कापूरबावडी यायच्या आतच मागच्या सीटवरून "आई, अजून किती?" सुरू व्हायचं. मोबाइल हातात द्यायचा नव्हता, आणि तीच ती गाणी ऐकून माझे कान किटले होते. म्हणून जूनमध्ये गाडीत ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’चं ऑडिओबुक लावलं. लेक तेव्हा नुकतीच चौथीत गेली होती, शाळा सेमी-इंग्रजी. आता डिसेंबर उजाडलाय. पुस्तक दोनदा पूर्ण ऐकून झालं, काही प्रकरणं तर पाच-पाच वेळा. तेव्हा लिहायला हरकत नाही.

पुस्तक १९०० सालचं, लेखक एल. फ्रँक बॉम. ते १९१९ मध्ये वारले, आणि आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात. त्यामुळे याची वाचनं पैशाला पासरी मिळतात, आणि तिथेच फसायला होतं. पहिलं घेतलं ते पैसेवालं, पार्श्वसंगीतासकट. वादळ आलं की व्हायोलिनं, सिंह आला की ढोल. या सगळ्याच्या खाली गोष्टीतली मुलगी डोरोथी काय म्हणतेय ते गाडीच्या स्पीकरवर, एसीच्या घरघरीत काही केल्या कळेना. वर ट्रायल संपल्यावर त्या अ‍ॅपने न विचारता वर्षाचे पैसे कापले, ते परत मिळवायला तीन आठवडे ईमेल लिहीत बसले. दुसरं फुकटचं होतं, पण दर प्रकरणाला वाचणारा वेगळा. एका प्रकरणात सिंह खोकणारे आजोबा, पुढच्यात कॉलेजातली मुलगी. लेकीने जाहीर केलं, "हा आपला सिंह नाही." तिसऱ्यात एकच बाई सगळं वाचतात. निरनिराळे आवाज काढत नाहीत, नुसतं नीट वाचतात. तेच टिकलं. सगळं मिळून साधारण चार तास, २४ प्रकरणं. बहुतेक प्रकरणं कापूरबावडीच्या एकेका जाममध्ये बसतात.

इंग्रजीची मला धास्ती होती. पहिले दोन शनिवार दर चार वाक्यांनी थांबवून मी मराठीत सांगत होते. वेग ०.७५ वर नेला तर बाई अर्धवट झोपेत असल्यासारख्या बोलायला लागल्या, ०.९ वर जमलं. तिसऱ्या शनिवारी मी थांबवलं तर मागून आवाज आला, "आई, कळलंय मला. तू मध्ये नको बोलूस." सगळं कळत होतं अशातला भाग नाही, पण न कळलेल्या शब्दावरून उडी मारून पुढे जायला ती शिकली. छापील धड्यात हीच मुलगी एका शब्दाला अडली की पुस्तक मिटते.

पहिलं प्रकरण कॅन्ससचं, म्हणजे अमेरिकेतल्या डोरोथीच्या घरचं. मी हे पुस्तक पूर्वी वाचलेलं होतं, तरी डोळ्यांनी कधी न पकडलेली एक गोष्ट कानाने पकडली: ‘ग्रे’ हा शब्द. जमीन ग्रे, गवत ग्रे, रंग उडालेलं घरही ग्रे. एम काकूंचे डोळे ग्रे, गाल ग्रे, ओठ ग्रे, आणि हेन्री काका तर दाढीपासून बुटांपर्यंत ग्रे. पानावर आपण असा शब्द सहज ओलांडतो. ऐकताना ती सोय नाही, प्रत्येक ग्रे सोसावाच लागतो. आणि मग बाई वाचतात, की टोटो, म्हणजे डोरोथीचा कुत्रा, मात्र ग्रे नव्हता. मागच्या सीटवरून चक्क सुस्कारा आला.

पुढे डोरोथी आणि तिचे सोबती जादूगार ओझच्या पाचूच्या नगरीत जातात. तिथे शिरताना दारावरचा रखवालदार प्रत्येकाला हिरवा चष्मा घालतो आणि मागून किल्लीने कुलूप लावतो, टोटोलासुद्धा. आत मग सगळंच हिरवं. पुढे बाराव्या प्रकरणात चष्मे काढून मंडळी बाहेर पडतात, आणि डोरोथीचा हिरवा झगा पांढरा दिसतो, टोटोच्या गळ्यातली रिबिनही. लेखक तिथे काहीच फोड करत नाही, एका वाक्यात सांगून पुढे जातो. माजिवड्याच्या पुलावर होतो आम्ही. "थांबव, थांबव! आई, चष्म्यामुळे! ते शहर हिरवं नाहीचे!" खुद्द ओझ हे कबूल करतो ते पंधराव्या प्रकरणात, म्हणजे आमच्या हिशेबाने दोन शनिवार नंतर. ते दोन आठवडे बाईसाहेब सोसायटीत कुणाला काही न सांगता नुसत्या हसत फिरत होत्या.

त्याच बाराव्या प्रकरणाबद्दल सावध करते. ते पुस्तकातलं सगळ्यात लांब आहे, आणि त्यात दुष्ट चेटकीण ४० लांडगे पाठवते. डोरोथीच्या सोबतचा पत्र्याचा लाकूडतोड्या कुऱ्हाडीने एकेकाचं डोकं उडवतो. मग ४० कावळे येतात, आणि तिचा दुसरा सोबती, बुजगावणं, त्यांच्या माना पिरगळतं. मी स्वतः वाचून दाखवत असते तर आवाज खाली आणून, दोन ओळी गाळून पुढे सरकले असते. रेकॉर्डिंग गाळत नाही. बाई भाजीची यादी वाचावी तशा शांतपणे लांडगे संपवतात. गंमत म्हणजे प्रस्तावनेत बॉमने आपण भीतीदायक स्वप्नं बाहेर ठेवल्याचं सांगितलंय! लेक घाबरली नाही, बोटांवर मोजत होती. पण शेजारचा साडेपाच वर्षांचा मुलगा एकदा बरोबर होता, तो रडला. लहान मूल असेल तर हे प्रकरण आधी ऐकून ठेवा.

आता न जमलेलं. हिचं वाचन सुधारेल अशी माझी आशा होती, ती फोल ठरली. छापील प्रत आणली, तर दहाव्या पानावर बुकमार्क तसाच आहे. सगळे शब्द कानातलेच. ‘स्केअरक्रो’ हा तिला एक अखंड आवाज होता, पानावर दिसल्यावर म्हणते, "म्हणजे क्रोंना स्केअर करतो म्हणून?" इतके महिने ती त्याला आजीपाशी बुजगावणं म्हणत होती, पण दोन्ही एकमेकांना चिकटले नव्हते.

मिळालं ते वेगळंच. नौपाड्याला पोचलं की त्या दिवशीचं प्रकरण आजीला मराठीत सांगायचं, हे तिने आपणहून सुरू केलं. लाकूडतोड्याच्या पायाखाली किडा येतो, तो रडतो, आसवांनी जबड्याची बिजागरी गंजते आणि त्याला बोलता येईना. हे सांगताना तिने आजीच्या शिवणयंत्राच्या खणातून तेलाची कुपी काढली, दात आवळून नुसते हातवारे केले, आणि आजीच्या हातात कुपी दिली. आजीनेही न हसता तिच्या दोन्ही कानांखाली तेल घातल्यासारखं केलं. शाळेत मात्र एका मैत्रिणीशी डोरोथीच्या बुटांवरून वाजलं. १९३९ च्या सिनेमात बूट लाल आहेत, पुस्तकात चांदीचे. दोघीही आपापल्या जागी बरोबर, पण आमचं माणूस ऐकायला तयार नाही.

रात्री झोपताना लावू नका, आम्ही तो प्रयोग सोडला. स्लीप टायमर विसरला की मूल झोपतं आणि गोष्ट तीन प्रकरणं पुढे निघून जाते. मग दुसऱ्या दिवशी नेमकं कुठे डोळा लागला, यावरून भांडणं.

बॉमने ओझची एकूण १४ पुस्तकं लिहिली. गेल्या शनिवारी १९०४ चं दुसरं सुरू केलं, वाचणाऱ्या बाई वेगळ्या. त्यात डोरोथी नाहीच, टिप नावाचा मुलगा आहे. माजिवड्यापर्यंत मागे संपूर्ण शांतता. मग, "डोरोथी कधी येणारे?" नाही येणार म्हटलं, बंद करू का? जरा वेळाने उत्तर आलं, "तीन हात नाक्यापर्यंत बघू."