वणव्यासाठी डिझेल पंप: तीन इंची नको, हाय-प्रेशर घ्या

आगीसाठी पंप हवा म्हटलं की दुकानदार बहुधा तीन इंची एअर-कूल्ड डिझेल पंप दाखवतो. वीज जाण्याची धास्ती असल्याने डिझेल हे बरोबरच. पण पाटी नीट वाचा: १००० लिटर प्रति मिनिट, हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) २६ मीटर. हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. हजार लिटर येतात ते पाणी जवळपास वर चढवायचंच नसेल तेव्हा, आणि २६ मीटरला थेंबही बाहेर पडत नाही. खड्डा उपसायला हा पंप उत्तम, कलमांच्या बागेतल्या आगीला निरुपयोगी.

हिशेब करून बघा. विहिरीतलं पाणी पंपाखाली ४ मीटर, सड्यापर्यंतचा (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळापर्यंतचा) चढ २५ मीटर. दोन इंची नळीतून मिनिटाला २५० लिटर नेताना दर १०० मीटरला साधारण १० मीटर हेड घर्षणातच जातं. नोझलशी फेक मिळायला निदान २० मीटर हवेत. नळी १०० मीटर धरली तर सगळे मिळून झाले ५९! म्हणून दोन इंची हाय-प्रेशर पंपच घ्यावा: इंजिन १० एचपीच्या आसपास, कमाल हेड ७५-८० मीटर. ५९ मीटरला नेमकं किती पाणी मिळेल, हे कंपनीच्या आलेखावर बोट ठेवून विचारा. आलेख नसेल तर ते मॉडेल सोडा. नळी ६३ मिमीची घेतली तर घर्षण तिसऱ्या हिश्शावर येतं. तो खर्च नक्की करावा.

सक्शन, म्हणजे पंपाने खालून पाणी खेचायची उंची, ६ मीटरपेक्षा जास्त ठेवू नका. मे महिन्यात विहीर खोल गेली की पंपाला पाणी खेचता येत नाही, मग इंजिन कितीही मोठं असो. अशा वेळी टाकी भरून ठेवलेली बरी: १०,००० लिटर म्हणजे ४० मिनिटांचा मारा. सक्शनची नळी कडक, स्प्रिंगची हवी. डिलिव्हरीची (पाणी पुढे नेणारी) चपटी नळी तिथे लावली तर आत चिकटते. पाणी येत नसेल तर आधी फुटव्हॉल्व्हमध्ये (सक्शन नळीच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेत) पाला अडकलाय का ते पाहा, मग जोडाचा वॉशर. पंप कोरडा फिरवू नका, सील लगेच जळतं.

उतारावर एक अडचण हमखास येते: इंजिन तिरकं राहिलं की ऑइल सेन्सर ते बंद पाडतो. जांभ्याचा सपाट ओटा बांधा. खाडीचं पाणी वापरायचं असेल तर इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) गनमेटलचा किंवा स्टेनलेसचा घ्या आणि काम झाल्यावर गोडं पाणी फिरवा.

पावसाळ्यात टाकी डिझेलने पूर्ण भरलेली ठेवा, नाहीतर रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी सुटून ते इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत) जातं. सेल्फ-स्टार्टच्या भरवशावर राहू नका. दोरीनेही सुरू होणारंच इंजिन घ्या. आठवड्याला एकदा पंपातून पाणी वाहतं ठेवून, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवा.