कात्सू सांडो: रोसू, हिरे, बीफ, खिमा की कोलंबी?

कात्सू सांडो म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेला कटलेट घातलेलं जपानी सँडविच. आत काय घालायचं, यासाठी आधी एवढंच ठरवा: सँडविच लगेच खायचं आहे, की डब्यात न्यायचं आहे? निम्मी निवड तिथेच होते.

डुकराच्या मांसात 'रोसू' म्हणजे पाठीचा, कडेला चरबीची पट्टी असलेला भाग, आणि 'हिरे' म्हणजे आतला बिनचरबीचा मऊ भाग. गरम असताना रोसूला तोड नाही. गार झाला की मात्र तीच चरबी थिजून टाळूला चिकटते. शिवाय चरबी आणि मांस यांच्यामधल्या चिवट पापुद्र्याला चार-पाच ठिकाणी चीर दिली नाही, तर तळताना तुकडा वाटीसारखा वळतो आणि पावात बसत नाही. हिरे दातांनी अलगद तुटतो, त्यामुळे पहिल्याच घासाला अख्खा कटलेट पावातून ओढला जात नाही. तोक्योत उएनो भागातल्या 'इसेन' या कटलेटच्या हॉटेलात १९३५ साली हा सांडो सुरू झाला, तेव्हा गेशांची, म्हणजे नाचगाण्यानं पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या स्त्रियांची, लिपस्टिक बिघडू नये म्हणून तो लहान पावाचा करत. डब्यासाठी डोळे मिटून हिरे घ्या.

बीफचा 'ग्यूकात्सू' सगळ्यांत महाग, आणि थांबायला अजिबात तयार नसलेला. दोन सेंटिमीटर जाड तुकडा १९० अंशांच्या तेलात जेमतेम दीड मिनिट. आत गुलाबीच राहतो. ठेवला तर रस सुटून पाव ओला होतो. डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाला ही पद्धत लावू नका, ते आतपर्यंत शिजायलाच हवं.

खिम्याचा 'मेंची' स्वस्त आणि रसाळ. गोळा या तळहातावरून त्या तळहातावर आपटून आतली हवा काढा, नाहीतर तेलात फुटतो. कोलंबीच्या 'एबी'त अर्धी कोलंबी वाटलेली, अर्धी जाडसर चिरलेली असावी. सगळीच वाटली तर रबर होतं. त्यावर मेयोनीजमध्ये चिरलेलं लोणचं कालवलेला टार्टर सॉसच शोभतो.

घरी करायचा तर दीड सेंटिमीटरचा रोसू १७० अंशांवर दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिनिटं तळा आणि जाळीवर चार मिनिटं उभा ठेवा. कढईतून थेट पावात गेला तर वाफेनं आवरण लिबलिबीत होतं. पावाला मोहरी कालवलेलं लोणी कडेपर्यंत लावा, त्यानं ओल अडते. सॉस पावाला नको, कटलेटला. वर हलकी ताटली ठेवून पाच मिनिटं दाबा, मगच कडा काढून कापा.

आवरणाचा 'पानको' म्हणजे पावाचा चुरा. जपानी 'पान' आणि आपला 'पाव' दोन्ही पोर्तुगिजांकडूनच आले. पानको मिळाला नाही तर टोस्टची बारीक पूड वापरू नका, तिचं आवरण घट्ट आणि कडक होतं. कडा काढलेला शिळा ब्रेड जाड किसणीवर किसा.