अंगणाच्या पायऱ्या: काळा पाषाण, शहाबादी की जांभा?

दगडाच्या वखारीत सगळेच दगड चांगले दिसतात, कारण तिथे ते सुके असतात. नमुना पाहायला जाल तेव्हा पाण्याची बाटली न्या आणि रोजची रबरी स्लीपर घालून जा. दगड ओला करा, वर उभे राहा, पाय घासून बघा. वखारवाला बघत राहील, बघू दे.

आम्हाला ओट्यापासून अंगणात उतरायला तीनच पायऱ्या हव्या होत्या. जुन्या वाड्यासारख्या रांगड्या दिसाव्यात हा माझा हट्ट, आणि 'मला पावसाळ्यात पडायचं नाही' हा सत्तरी ओलांडलेल्या आईचा. निवड या दोन हट्टांमध्ये होती.

पुण्यात रांगडा दगड म्हणजे काळा पाषाण, अर्थात बसाल्ट. आठव्या शतकातलं पाताळेश्वर लेणं याच दगडात कोरलेलं आहे, तेव्हा पायरी झिजेल ही काळजी तुमच्या नातवंडांनीही करायला नको. पाणी तो फारसा पीत नाही, लिंबू-चिंचेचे डाग धरत नाही. अडचण वजनाची. 4 फूट लांब, 1 फूट रुंद, 6 इंच जाड अखंड पायरी दीडशे किलोच्या वर भरते. टेम्पो फाटकापर्यंत येतो का, हे दगड ठरवण्याआधी बघा. नाहीतर विटांच्या पायऱ्या बांधून वर 2 इंची फरशी बसवण्याचा पर्याय आहे. खर्च कमी, काम सोपं. पण कडेला फरशीची जाडी दिसते आणि अखंड दगडाचा आव उघडा पडतो.

खरा प्रश्न टाकीचा, म्हणजे छिन्नीने दगडाचा पृष्ठभाग कसा घडवायचा याचा. ठोकळ टाकी मारलेला दगड फोटोत फार देखणा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या खळग्यांत चिखल बसतो, मग शेवाळ धरतं, केरसुणी आत पोचत नाही आणि अनवाणी पायाला टोचतं ते वेगळंच. घोटून गुळगुळीत केलेला तर पावसात नकोच. आम्ही मधला मार्ग घेतला: पाऊल पडतं तिथे बारीक टाकी, आणि समोरून दिसणारा उभा भाग फोडलेला तसाच ओबडधोबड. रांगडेपणा डोळ्यांसाठी असतो, तळव्यांना त्याचा काही उपयोग नाही.

शहाबादी फरशी म्हटलं की पुष्कळांना आजोळचं स्वयंपाकघर आठवतं. दगड कलबुर्गी भागातला, चुनखडीचा, थरांचा. घोटलेली नसेल तर वरचा पोत नैसर्गिकच थोडा खरखरीत, पायाला पकड चांगली. रंग फिका म्हणून उन्हात पाषाणापेक्षा कमी तापते, आणि एकटा माणूस उचलू शकेल अशी मिळते. पण थर असल्यामुळे कडेचे पापुद्रे सुटतात, आणि पायरीचा सगळा मार कडेवरच असतो. दुसरं म्हणजे ॲसिड. काम संपल्यावर सांडलेलं सिमेंट काढायला गवंडी सर्रास ॲसिड ओततात. चुनखडीचा दगड त्याने खाल्ला जातो आणि पांढुरका पडतो. कोटा फरशीलाही हेच लागू. शहाबादी घेणार असाल तर ही ताकीद पहिल्या दिवशीच द्या.

जांभ्याचा मोह कोकणातल्या माणसाला होतोच. तांबडा रंग, गावच्या घराची आठवण, सगळं कबूल. पण तो सच्छिद्र आणि मऊ. पायरीचे कोपरे लवकर गोल होतात आणि पावसाळ्यात हिरवे पडतात. कठड्याला किंवा झाडाच्या पाराला वापरा, पायाखाली नको. फ्लेम फिनिश, म्हणजे ज्योतीने भाजून खरखरीत केलेला ग्रॅनाइट सुरक्षित आहे, टिकाऊ आहे, आणि बँकेच्या दारासारखा दिसतो. पाडलेल्या वाड्याची जुनी पायरी मिळाली तर सोडू नका. फक्त मधला झिजलेला खळगा पाहा, कारण त्यात पाणी साचेल. खालची बाजू बरी असेल तर उलटी करून, टाकी मारून घेता येते.

दगड कोणताही घ्या, उंचीत तडजोड नको. प्रत्येक पायरी 6 इंचांच्या आत, आणि तिन्ही अगदी सारख्या. अनघड दगडांत एखादी इंचभर चढी राहते, आणि नेमका तिथेच पाय अडखळतो. पाऊल ठेवायला निदान 12 इंच हवेत. फुटामागे पाव इंच ढाळ अंगणाकडे द्या. खाली काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदून पाया भरा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन वर्षांत पायरी ओट्यापासून सुटते. आम्ही दगडावर घासाघीस करून वाचवलेले पैसे या खोदाईत गेले.

एक तोटा मात्र मी धरलाच नव्हता. आमचं अंगण पश्चिमेला, आणि मे महिन्यात काळा पाषाण दुपारी तव्यासारखा तापतो. आई चार वाजता पायऱ्यांवर बादलीभर पाणी ओतते आणि त्याच ओल्या पायऱ्यांवरून तुळशीपाशी जाते. तिला आता भीती वाटत नाही. मला अजून वाटते.