शिंगरांसाठी घेतलेला दोन घोड्यांचा ट्रेलर: नऊ महिन्यांनंतर

नऊ महिने झाले, फेऱ्या वीसेक. आत बहुतेक वेळा एक-दीड वर्षाची शिंगरं, दोनदा घोडी आणि तिचं पितं पिल्लू. घेताना चाकं पाहिली, रॅम्प पाहिला, रंगसुद्धा पाहिला. दोन खणांमधली फळी सहज निघते का, एवढंच पाहायचं राहिलं.

सरावलेला घोडा अरुंद खणात निमूट उभा राहतो. शिंगरू वळण आलं की पाय फाकवून तोल सावरायला बघतं, आणि आमची फळी थेट जमिनीला टेकलेली. पहिल्या फेरीत प्रत्येक वळणावर मागून टापांचा धडधडाट. उतरवलं तर मागच्या पायाला आतून खरचटलेलं. स्वतःच्याच खुरानं तुडवलं होतं. पुढच्या वेळी एक शिंगरू न्यायचं होतं म्हणून फळी काढून टाकली (चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला, अर्धा तास गेला) आणि त्याला मोकळं सोडलं. आवाज थांबला. बघतो तर पठ्ठ्या मागे तोंड करून तिरका उभा. मात्र मागचं वरचं दार बंद नसेल तर मोकळं सोडू नका, उडी मारायला कमी करत नाहीत.

घोडी-पिल्लाला तर फळी नकोच. घोडी बांधलेली, पिल्लू मोकळं. चालत्या गाडीत त्याला नीट पिता येत नाही, म्हणून दोन तासांनी थांबतो.

बांधायचंच झालं तर दावं इतकं ढिलं हवं की मान खाली घालून नाक फुरफुरता येईल. हे मी ठेच खाऊन शिकलो. एका लांबच्या फेरीत दावं आखूड बांधलं, दुसऱ्या दिवशी शिंगरू वैरणीकडे बघेना, ताप १०३. तासन्‌तास मान वर राहिली की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही, फुप्फुसात उतरते, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं झाली, वाचलं. आता पोचल्यावर तीन दिवस दोन्ही वेळा ताप बघतो, आणि जाळीतली वैरण भिजवूनच लावतो, धूळ नको म्हणून. पाणी घरचं नेतो. परक्या पाण्याला नुसतं हुंगतात.

पायांना पट्ट्या बांधून पाहिल्या. सवय नसलेलं पोर त्या झटकण्यातच दमलं, सोडून दिल्या.

चढवण्याची कटकट वाटते तेवढी नाही. आठवडाभर ट्रेलर गाडीला जोडून उभा ठेवला, दोन्ही टोकं उघडी, आणि रोजचा खुराक आत. चौथ्या दिवशी शिंगरू हाक न मारता चढलं.

तक्रारी दोन. रबरी मॅट इतकी जड की एकट्याला उचलत नाही, आणि तिच्याखाली मूत साचून डोळ्यांना झोंबणारा वास येतो; छताची झडप उघडी असूनही. प्रत्येक फेरीनंतर मॅट उचलून लाकूड वाळवावं लागतं. दुसरी, खिडकीची कडी खडखडते. तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे.