फोल्डिंग घोडी घेताय? आधी पायातलं रबरी बूच काढून बघा

मॉड्युलर किचनची कामं करणाऱ्यांना साइटवर घोडी, म्हणजे शीट आडवी ठेवून कापायचा चार पायांचा स्टँड, लागतेच. लाकडी घोडी भक्कम असते, पण ती घेऊन लिफ्टमध्ये शिरायचं म्हणजे सोसायटीच्या वॉचमनशी रोजचं भांडण. म्हणून मी लोखंडी फोल्डिंग घोड्यांचा जोड घेतला. पुण्यातलं दुकान, पक्कं बिल, आणि वर स्टिकर : 'क्षमता ५०० किलो'.

दुकानदार स्वतःच म्हणाला, "साहेब, सोळा गेजचा पाइप आहे. विश्वास नसेल तर काट्यावर ठेवा." ठेवली. (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप; आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ.) एक इंची चौकोनी पाइप सोळा गेजचा असेल तर फुटाला साधारण ३६० ग्रॅम भरतो, वीस गेजचा जेमतेम २१०. एका घोडीत अंदाजे अठरा फूट पाइप, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास वजन हवं. काट्यावर तेवढंच आलं. बोटाने वाजवून पाहिलं तर आवाजही भरीव. पैसे दिले.

पुढे एका साइटवर जोडीवर १८ एमएम प्लायच्या, आठ बाय चार फुटांच्या चार शीट ठेवल्या होत्या. एक शीट पस्तीस किलो धरली तरी सगळं मिळून १४० किलो, ५०० च्या जवळपासही नाही. वरची शीट कापताना एका घोडीचा पाय बिजागरीच्या बोल्टपाशी टरकन फाटला आणि शीटा सरकल्या. हातात चालू सर्क्युलर सॉ. मदतीला असलेल्या पोऱ्याचा पाय थोडक्यात वाचला म्हणून हे लिहितोय, नाहीतर हे सगळं लिहिण्यात मला काडीचाही रस नव्हता.

फाटलेल्या पाइपमधून लादीवर रेती सांडली. बारीक, कोरडी, चाळलेली रेती! चारही पाय ठासून भरलेले, खाली रबरी बूच चिकटवलेलं. पाइपच्या पत्र्याची जाडी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) मोजली तर रंगासकट एक मिलिमीटरच्या आतबाहेर. सोळा गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, हा वीस गेजचा होता. दहा फूट पायांत रेती भरली की वजनातली तूट बरोब्बर भरून निघते आणि आवाजही जाड पाइपसारखा येतो. गिऱ्हाईक वजन करणार हे ओळखूनच बनवलेला माल. डोकं लावलंय, हे मानायलाच हवं.

तेव्हा बूच काढून आत तार घाला. बूच निघतच नसेल तर ती घोडी तिथेच ठेवा. पाइपच्या उघड्या तोंडाशी व्हर्नियर लावा. 'वर उभं राहून बघा' या आग्रहाला तर अजिबात भुलू नका. सरळ खाली येणारं वजन पातळ पाइपही पेलतो. घोडी दगा देते ती कडेने धक्का बसल्यावर. म्हणून ती पूर्ण उघडायची, लॉक लावायचं आणि लांबीच्या दिशेने जोरात ढकलायची. बिजागरीत रिव्हेट आहे की नटबोल्ट, तेही पाहा. रिव्हेट ढिली झाली की घट्ट करता येत नाही.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं : "तुम्ही ओव्हरलोड केलं." बिलावर फक्त 'फोल्डिंग घोडी, २ नग' एवढंच, गेजचा उल्लेख नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, फाटलेल्या पायाचा आणि रेतीचा व्हिडिओ जोडला, तेव्हा पैसे परत मिळाले. "धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही" असंही तो मधे सुनावून गेला. हे खोटं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फीही लागत नाही. दुसरा जोड मी फॅब्रिकेटरकडून समोर उभं राहून बनवून घेतला, आणि बिलावर 'एक इंची चौकोनी, १६ गेज' असं लिहून घेतलं.