नांगराची मोटर आणि न जळलेलं तांबं

आधीच कबूल करतो, चूक माझीही आहे. पंपाच्या मोटरी आणि स्टार्टर यांच्यातच जन्म गेला माझा, तरी बडोद्यात, म्हणजे आपल्याच गावात, मला टोपी घातली गेली.

मेहुण्यांची अलिबागजवळच्या मांडव्याला एक जुनी फायबरची बोट आहे. नांगराची साखळी ओढायला तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, १२ व्होल्टचा विंडलास बसवलेला आहे. पावसाळाभर बोट वर काढून ठेवली होती. दिवाळीनंतर पाण्यात गेली आणि विंडलास रुसला. नांगर लावलेला नसला तर साखळीचं चाक रखडत फिरायचं. नांगराचं वजन आलं की बटण दाबल्यावर नुसतं ‘टक’, आणि पुढे काही नाही. खलाशी म्हणाला, मोटर गेली. नव्या विंडलासची किंमत ऐकून मेहुणे गप्प झाले आणि मी तोंड उघडलं, “आमच्या बडोद्याच्या मकरपुऱ्यात काय रिवाइंड होत नाही?” रिवाइंड म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं. मोटर काढून गाडीच्या डिकीत टाकली आणि चारशेहून जास्त किलोमीटर घेऊन आलो. मीटर लावून बघायचं मात्र सुचलं नाही.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुकानदाराने मोटर हातात घेतली, नाकाशी नेली आणि निकाल दिला, “काका, बळी गई छे,” म्हणजे जळलीय. मी ‘आधी बॅटरीवर फिरवून दाखव’ म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. आठवड्याने मोटर मिळाली, करकरीत निळा रंग मारलेली. बॅटरी लावून भर्रकन फिरवून दाखवली. सोबत जळक्या तारेची पिशवी, ‘तुमचा जुना माल’ म्हणून. बिलावर ‘आर्मेचर व फील्ड कॉइल रिवाइंडिंग’, म्हणजे फिरणारा गाभा आणि त्याच्याभोवती चुंबकाचं काम करणारी स्थिर वेटोळी, दोन्हींची तार नव्याने गुंडाळल्याचे १४,८०० रुपये. मी चहा पिऊन, आभार मानून निघालो!

मांडव्याला मोटर बसवली. बटण दाबलं. टक.

मेहुणे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मग मुकाट्याने मीटर काढला. खलाशाला नांगर रुतवून बटण दाबून धरायला सांगितलं. बॅटरीवर ११.९ व्होल्ट आणि मोटरच्या टोकांवर ६.३. मधले साडेपाच व्होल्ट गेले कुठे? बॅटरीच्या ऋण टोकापासून मोटरच्या ऋण टोकापर्यंत मोजलं, तर एकट्या त्या वायरीत ५.१. ती वायर चाचपत गेलो. साखळीच्या कप्प्यातल्या लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर, काळी टेप होती. ती सोलली, तर आत ताक ठेवलेल्या पितळी भांड्यासारखं सगळं कळकलेलं. हिरवी भुकटी बोटाला लागली आणि तारेच्या अर्ध्या बटा हातात आल्या. असला विंडलास वजनाखाली ८० अँपिअर सहज ओढतो. सांध्यात ०.०५ ओहम अडथळा असला तरी तिथेच ४ व्होल्ट खर्ची पडतात. विनावजनाचा करंट कमी, म्हणून तेव्हा चाक रखडत का होईना, फिरायचं. ‘टक’ होता सॉलेनॉइडचा, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरचा करंट जोडणाऱ्या स्विचचा, तो बिचारा आपलं काम करत होता. चांगली वायर लागेपर्यंत मागे कापली, कलई केलेला नवा लग दाबून बसवला. नांगर वर आला.

मग मोटर पुन्हा उतरवली आणि पडवीत उघडायला बसलो. दोन लांब बोल्ट मिठाने असे धरले होते की रात्रभर तेलात ठेवावे लागले. पंधरा दिवसांपूर्वी कोणी खोलले असते तर असे चिकटले असते का? निळा रंग तर सांध्यावरून सलग गेलेला. आत जुनेच झिजलेले कार्बन, ते जिथे घासतात त्या कम्युटेटरवर जुनाच काळा पट्टा. आणि फील्ड कॉइल? आत कायमचुंबक बसवलेले. त्या मोटरला फील्ड कॉइल कधी नव्हतीच. बाहेरून दोनच टोकं आणि ती उलटी जोडली की उलटी फिरणारी मोटर, हे बघून मला दुकानातच कळायला हवं होतं. पिशवीतली तार काढली, ती केसासारखी बारीक, कुठल्यातरी २३० व्होल्टच्या पंपाची. १२ व्होल्टच्या आर्मेचरला जाड तारेचे मोजकेच वेढे असतात, हे मीच कितीजणांना शिकवलंय.

बिल आणि पिशवी घेऊन पुन्हा मकरपुऱ्यात गेलो. गल्ल्यावर चुंबक ठेवला आणि विचारलं, “यात फील्ड कॉइल कुठेय?” तो जरा हसला, “मजुरी तो लागी ने, काका.” बरीच हुज्जत घातल्यावर पाच हजार परत दिले आणि बिल परत मागितलं. ते मी दिलं नाही. ग्राहक आयोगात जायचं तर तेवढाच कागद आहे माझ्याकडे.