धुऊन वापरायचा एअर फिल्टर: कोकणातल्या तांबड्या धुळीत लाल तेलाचा घोळ

इंजिनात जाणारी हवा गाळणारा, सुती जाळीचा, धुऊन आणि धूळ धरून ठेवणारं तेल लावून पुन्हा बसवायचा चपटा म्हणजे पॅनेल फिल्टर रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही ऋतूंत चालवून झाला. फिल्टर चांगला आहे. त्याच्या तेलाचा रंग मात्र कोकणाला अजिबात सोयीचा नाही, आणि तेल जास्त होण्याच्या बहुतेक तक्रारी त्या रंगापासून सुरू होतात.

तेल लाल ठेवलंय ते कापसात कुठवर पोचलं हे डोळ्यांना दिसावं म्हणून. घाटावरच्या करड्या धुळीत ही सोय खरंच उपयोगी आहे. इकडे सड्यावरची जांभ्याची माती, चिऱ्यांचे ट्रक, महामार्गाच्या कामाला खणलेल्या कडा, सगळीच धूळ लोहामुळे तांबडी. मे महिन्यात फिल्टर बाहेर काढला की तो नुकतं तेल दिल्यासारखा दिसतो आणि घड्यांच्या तळाशी मात्र कोरडी माती बसलेली असते. धुतल्यावर उलटा त्रास. मातीचा डाग सुतात राहतोच. तो जावा म्हणून लोक पुन्हा पुन्हा क्लीनर मारतात, ब्रशने घासतात आणि जाळीचे धागे विस्कटतात. डाग राहू द्या. खाली निथळणारं पाणी स्वच्छ झालं की धुणं संपलं.

रंगच बघायचा तर इंजिनाकडच्या बाजूचा बघा. धूळ अडते ती बाहेरच्या बाजूला. तेल मात्र दोन्हीकडे झिरपतं. इंजिनाकडची बाजू सगळीकडे सारखी गुलाबी असेल तर तेल शाबूत आहे. तिथे पांढरट पट्टे दिसले तर तेल हवंय. आणि तिथेच मातीचे कण दिसले, तर फिल्टर फाटलाय किंवा कडेचं रबर नीट बसलेलं नाही. निळ्या रंगाचं तेलही मिळतं. आधी वाटलं होतं, ते आणलं की प्रश्न मिटला. आता वाटतं, निळं मिळालं तर जरूर घ्या, पण बाजू पाहून ठरवायची सवय जास्त कामाची.

धुण्याची रीत थोडक्यात. फिल्टर हलक्या हाताने आपटून सुटी माती झाडायची. दोन्ही बाजूंनी क्लीनर फवारून दहा मिनिटं मुरू द्यायचा, पण वाळू द्यायचा नाही; वाळला की सुटलेली माती पुन्हा चिकटते. मग नळाच्या कमी धारेने आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूकडून पाणी सोडायचं. उलट सोडलं तर माती कापसात आणखी खोल जाते. प्रेशर वॉशर, कॉम्प्रेसरची हवा, हेअर ड्रायर, पेट्रोल, रॉकेल यांतलं काहीही नको. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं आणि बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने धुतलं तर क्षार कापसातच राहतात, म्हणून शेवटचे दोन-तीन तांबे तरी गोड्या पाण्याचे घाला.

वाळवणं हाच इथला सगळ्यात अवघड भाग. पावसाळ्यात घड्यांच्या पोटातला ओलावा दोन-दोन दिवस हटत नाही, वरून मात्र हाताला कोरडं लागतं. ओल्या कापसात तेल पसरत नाही, ठिपके धरतं. मग ते फिकट दिसतं म्हणून माणूस आणखी फवारतो, आणि पाणी उडाल्यावर तेच तेल जास्त ठरतं. त्यामुळे धुण्याचं काम मृग लागण्याआधी, मेच्या अखेरीस उरकावं. धुळीचा हंगामही तेव्हाच संपतो. फिल्टर पडवीत पंख्याखाली रात्रभर उभा ठेवा. खळ्यात नको, पुन्हा माती बसेल. चुलीजवळ नको, काजळी धरेल. तेवढ्या वेळात गाडी लागलीच तर जुना कागदी फिल्टर बसवून न्या. फिल्टरविना इंजिन चालू करू नका, अगदी अंगणातून गाडी हलवायलासुद्धा.

तेलाला डोळ्यांपेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा विश्वासू. कोरड्या फिल्टरचं वजन लिहून ठेवा, तेल लावून पुन्हा करा; दोन्हींतला फरक म्हणजे लागलेलं तेल. छोट्या मोटारीच्या पॅनेलला साधारण २० ते ३० मिली तेल पुरतं, काट्यावर त्याहून थोडे कमी ग्रॅम. नेमका आकडा कंपनी मॉडेलप्रमाणे देते. स्प्रेचा डबा तोलून उपयोग नाही, कारण त्यातला गॅसही वजनातून जातो, शिवाय समुद्राकडच्या वाऱ्याने निम्मा फवारा भलतीकडे. पिळायची बाटली घ्या. प्रत्येक घडीच्या माथ्यावरून एकच रेघ ओढायची आणि वीस मिनिटं थांबायचं. इंजिनाकडून फिकट दिसेल तेवढ्याच जागी थेंब द्यायचे. कडेला तेल साचलं तर कापडाने टिपून घ्या. इंजिन ऑइल वापरू नका. ते कापसाला धरून राहत नाही, हवेबरोबर आत ओढलं जातं.

जास्त तेलाचा फटका मास एअरफ्लो सेन्सरला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरला बसतो. त्याच्या तापलेल्या तारेवर किंवा पट्टीवर तेलाचा थर चढला की हवेचं माप चुकतं. आयडल (उभ्या गाडीतली इंजिनाची चाल) डळमळतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर या सेन्सरच्या बिघाडाचा कोड पी०१०१ दिसतो, पेट्रोल गाडीत हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचा पी०१७१ सुद्धा. सेन्सर साफ करायला खास स्प्रे मिळतो. तो मारून सेन्सर पूर्ण वाळू द्यायचा, तारेला बोट किंवा कापूस लावायचा नाही. ज्या छोट्या पेट्रोल मोटारींत फक्त मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) असतो, त्यांना हा धोका फार कमी. डिझेल गाड्यांत मास एअरफ्लो सेन्सर सहसा असतोच, त्यांनी मात्र जपावं.

बसवण्याआधी फिल्टरचा डबा ओल्या फडक्याने पुसा, तळाचं पाणी जायचं भोक मोकळं करा आणि इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवून पाहा. बोटाला तांबडी माती लागली तर रबराची कड तपासल्याशिवाय झाकण लावू नका.

या फिल्टरने मायलेज वाढत नाही. पेट्रोल इंजिनात अर्ध्या पेडलवर हवा अडवायचं काम थ्रॉटलच (पेडलने उघडणारी झडप) करतो, तिथे फिल्टर मोकळा असून काय होणार? इंजिनाचा हवा ओढण्याचा आवाज थोडा वाढतो, इतकंच. अतिशय बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस असतो, त्यामुळे ज्यांची रोजची वाट चिरेखाणीवरून जाते त्यांनी कागदीच वापरावा आणि वेळेवर बदलावा. पैशाचं म्हणाल तर कागदी ३००-४०० रुपयांत येतो. हा ४-५ हजारांच्या घरात, वर क्लीनर-तेलाचे १,५०० तरी. दरवर्षी कागदी बदलला तरी ही रक्कम भरून निघायला पंधरा-वीस वर्षं लागतील.

घेतलाच असेल तर डब्याच्या झाकणावर मार्करने ठळक लिहा: ‘हवा मारू नये’. सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर दिसला की एअर गन मारायची सगळीकडे पद्धत आहे, आणि त्या झोताने कापसाला पडलेली भोकं तेलाच्या रंगाखाली दिसतही नाहीत. जॉब कार्डवरही तेच लिहून घ्या आणि गाडी ताब्यात घेताना झाकण उघडून बघा.